उपमा, उत्प्रेक्षा की रूपक? कविता लिहिणाऱ्याने अलंकारांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंनी बारावीला अलंकार पाठ केले, स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा घोकले. 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, 'सारखा' दिसलं की उपमा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आता त्या स्वतः कविता लिहू लागल्यात, आणि अलंकार घातले की कविता नटवल्यासारखी दिसते, काढले की बातमीसारखी. मग या अलंकारांत खरा फरक काय? लिहिताना त्यांचा उपयोग काय? मुक्तछंदात ते चालतात का? आणि एका ओळीत दोन अलंकार दिसले तर परीक्षेत कोणता लिहायचा? सोबत आईवरच्या कवितेतल्या दोन ओळी पाठवल्या आहेत: 'आई, तू जणू चंदनाचं खोड, / आमच्यासाठी झिजून सुगंधाचा सागर झालीस.'

कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत आलो, आणि दिवाळी अंकाकडे आलेल्या कविता आधी माझ्याकडे येतात. त्यामुळे परीक्षेतला आणि कवितेतला, असे दोन्हीकडचे अलंकार रोज समोर असतात. शेवटच्या उपप्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो. आधी मुद्द्याचं.

परीक्षेसाठी शिकवतात त्या खुणा खोट्या नाहीत, पण त्या वरवरच्या आहेत. 'जणू', 'गमे', 'वाटे', 'भासे' हे शब्द आले म्हणून ती ओळ उत्प्रेक्षा होत नाही. बोलणाऱ्याची एक विशिष्ट मनःस्थिती असते, म्हणून ते शब्द येतात. दोन गोष्टींत साम्य दिसलं की बोलणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: हे साम्य मी किती ठामपणे मांडू? साम्यावर आधारलेले बहुतेक अलंकार म्हणजे या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला उदाहरण शोधायला लांब जायला नको. जुलै महिना आहे आणि रस्त्यात खड्डा आहे. 'हा खड्डा तळ्यासारखा आहे', ही उपमा. खड्डा खड्डाच आहे, तळं तळंच आहे, फक्त दोघांत काहीतरी सारखं आहे. 'हा खड्डा म्हणजे जणू तळंच', ही उत्प्रेक्षा. बोलणाऱ्याला ठाऊक आहे की हे तळं नाही, पण क्षणभर तसं मानायला त्याचं मन तयार झालंय. 'या खड्डातळ्यात रिक्षा बुडाली' म्हटलं की रूपक. आता दोघांत अंतरच ठेवलेलं नाही. 'हा खड्डा नव्हे, तळं आहे', ही अपन्हुती. इथे उपमेय, म्हणजे ज्याच्याविषयी बोलतोय तो खड्डा, सरळ नाकारलं आणि त्याच्या जागी उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ते तळं, बसवलं. 'तळं परवडलं, त्याला काठ तरी दिसतो', हा व्यतिरेक. उपमेयाने उपमानावर मात केली, वाईटपणात का होईना. 'हा खड्डा की तळं?' हा ससंदेह. बगळा येऊन त्यात मासे शोधत उभा राहिला तर भ्रांतिमान. खड्ड्याचं नावच न घेता 'आमच्या रस्त्यावर तळी पसरली आहेत' म्हटलं की अतिशयोक्ती. 'आमचं गावचं तळं या खड्ड्यासारखं आहे' असं उलटं फिरवलं की प्रतीप. आणि वैतागून 'या खड्ड्यासारखा हाच खड्डा' म्हणालात तर अनन्वय. महानगरपालिकेने एवढं अलंकारशास्त्र फुकटात उपलब्ध करून दिलंय.

ही कसरत माझी नाही. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी 'चित्रमीमांसा' या ग्रंथात चंद्र आणि मुख घेऊन नेमकं हेच करून दाखवलं, आणि म्हटलं, 'उपमैका शैलूषी': उपमा ही एकच नटी आहे, ती काव्याच्या रंगमंचावर वेगवेगळ्या भूमिका घेऊन येते आणि जाणकारांचं मन रिझवते. अलंकारांची संख्या भरताच्या नाट्यशास्त्रात अवघी चार आहे: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे दीक्षितांच्याच 'कुवलयानंदा'पर्यंत ती शंभराच्या वर गेली. यादी पाठ करणाऱ्याला ही वाढ भीतिदायक वाटते. लिहिणाऱ्याला तिचा उपयोग वेगळा आहे. तुमच्या ओळीतली नटी चुकीच्या भूमिकेत तर नाही ना, एवढं तपासायला ती यादी हाताशी असावी.

आता हे एका खऱ्या कवितेत पाहू. बहिणाबाई चौधरींची 'मन' सगळ्यांना पाठ असते, म्हणून तीच घेतो. विषय एकच, मन. पण कडव्यागणिक बाई आपली भूमिका बदलतात.

'मन वढाय वढाय / उभ्या पिकातलं ढोर / किती हाकला हाकला / फिरी येतं पिकांवर.' इथे 'जसं' नाही, 'सारखं' नाही. मन हेच ढोर. आणि एकदा ढोर म्हटल्यावर त्याचं सगळं देणं चुकतं केलंय: उभं पीक आहे, हाकणं आहे, हाकलूनही फिरून येणं आहे. रूपक करणाऱ्यावर ही जबाबदारी येतेच. उपमेत तुम्ही दोन गोष्टींना क्षणभर शेजारी उभं करता आणि पुढे जाता. रूपकात मात्र त्या दुसऱ्या वस्तूच्या जगात राहायला गेलेले असता, तिथले नियम पाळावे लागतात.

पुढच्याच कडव्यात मनाच्या ठायी ठायी वाटा, 'जशा वाऱ्यानं चालल्या' पाण्यावरच्या लाटा. इथे त्या उपमेवर आल्या. का? तर ढोराचं ओढाळपण त्यांनी अंगावर घेतलेलं आहे, शेतात हाकून हाकून दमलेल्या आहेत, तिथे ठामपणा आपोआप येतो. लाटा त्या काठावर उभ्या राहून बघतायत. अंतर आहे, म्हणून 'जशा' आहे. हा माझा अर्थ आहे, कुणी दुसरा लावू शकेल. पण एवढं नक्की की तो 'जशा' मात्रा भरायला आलेला नाही.

मग येतं 'मन जह्यरी जह्यरी / याचं न्यारं रे तंतर / अरे इचू साप बरा / त्याले उतारे मंतर.' हा चोख व्यतिरेक आहे, आणि व्यतिरेकाला जे लागतं ते कारणही दिलंय. मन विंचू-सापासारखं विषारी आहे म्हटलं असतं तर ती साधी उपमा झाली असती, आणि कुणीही केली असती. 'विंचू-साप बरा' म्हटल्यावर 'का?' असा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर पुढच्या ओळीत हजर: त्यांचं विष मंत्राने उतरतं, याचं उतरत नाही. 'चंद्रापेक्षा सुंदर, अमृतापेक्षा गोड' असले व्यतिरेक फुसके वाटतात, कारण त्यांत हे कारण नसतं. 'पेक्षा' लिहिलंत की 'का' लिहा, किंवा वाचकाला तो सापडेल अशी सोय करा.

आणि शेवटाकडे 'मन एवढं एवढं / जसा खाकसचा दाना / मन केवढं केवढं / आभायात बी मायेना.' खसखशीचा दाणा आणि आभाळ. दोन टोकं, आणि मध्ये एक शब्दसुद्धा खर्च केलेला नाही. या कवितेतली ढोर, विंचू, पाखरू, वीज, खसखस ही सगळी उपमानं एका शेतकरी बाईच्या नजरेच्या आणि हाताच्या टप्प्यातली आहेत. खानदेशातल्या आसोद्याच्या या बाईने कमळ, भ्रमर, चकोर यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

इथे तुमच्या चंदनाकडे येतो. ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही शेवटचं चंदनाचं खोड कधी उगाळलंत? सहाणेवर चंदन उगाळलेल्या हाताने ती ओळ लिहिली असती तर ती अशी आली नसती. मनगट दुखल्याचं, ओल्या बोटांचं काहीतरी तिच्यात आलं असतं. तुमच्या ओळीतलं चंदन देवघरातून आलेलं नाही, शाळेच्या निबंधातून आलंय. अंकाकडे येणाऱ्या कवितांत आई नेहमी चंदन असते, नाहीतर मेणबत्ती, बाप नारळ असतो, आठवणींचा हिंदोळा असतो, स्वप्नांना पंख असतात, भावनांचा कल्लोळ असतो, आणि हृदयाला नेमका एकच कोपरा असतो. यांतली एकेक उपमा कधीतरी कुणाला तरी पहिल्यांदा सुचली, तेव्हा ती सुंदरच असणार. आता ती वाचकाला दिसतच नाही, तो तिच्यावरून पुढे सरकतो.

दुसरी अडचण खोडाकडून सागराकडे जाण्याची. पहिल्या ओळीत लाकूड आहे, झिजण्याची क्रिया आहे. झिजलं की उरतं थोडं, वाढत नाही. दुसऱ्या ओळीत त्याचा सागर झाला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहायला लागतं आणि लगेच मोडतं. मघाशी म्हटलं तो नियम इथे मोडलाय: ज्या जगात राहायला गेलात तिथून न सांगता निघून आलात.

आणि तिसरी, 'जणू'. तुमच्या मनात आईबद्दल शंका आहे का? 'जणू' हा अर्धवट विश्वासाचा शब्द आहे. बालकवींच्या श्रावणात तो भाव शोभतो: 'वरति बघता इंद्रधनुचा गोफ दुहेरी विणलासे / मंगल तोरण काय बांधले नभोमंडपी कुणी भासे!' तिथे वर बघणारा माणूस अचंब्यात आहे, आपण काय पाहतोय हे त्याला पुरतं ठरवता येत नाही, म्हणून 'काय', 'कुणी', 'भासे' असे तीन तीन शब्द ओळीत आलेत. आईच्या कष्टांविषयी बोलताना हा अचंबा कुठून येणार? बहुतेक नवे कवी 'जणू' वापरतात ते धीर होत नाही म्हणून. रूपक करायला भीती वाटते, उपमा फार साधी वाटते, मग मधला मार्ग. माझी एक सवय आहे: हाती आलेल्या कवितेतले सगळे 'जणू' पेन्सिलीने खोडायचे आणि पुन्हा वाचायचं. निम्म्या वेळा कविता सुधारते, उरलेल्या वेळा उघडी पडते. दोन्हींत लाभच आहे.

तुमच्या ओळींना पर्याय सुचवण्याचा आगाऊपणा एकदाच करतो. आईच्या झिजण्याविषयी बोलायचं असेल तर समजा एवढंच लिहिलंत: 'भाकरी थापताना आईच्या बांगड्या / कोपरापर्यंत सरकायच्या.' यात अलंकाराचं नाव सांगायचंच तर फार तर स्वभावोक्ती म्हणता येईल, म्हणजे जे आहे त्याचं हुबेहूब वर्णन. पण हात किती वाळला होता हे न सांगता कळलं. हे तंत्रही जुनंच आहे. 'मेघदूता'च्या दुसऱ्याच श्लोकात विरहाने खंगलेल्या यक्षाचं वर्णन करताना कालिदास 'कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः' म्हणतो. सोन्याचं कडं गळून मनगट रिकामं झालंय. किती बारीक झाला, कशासारखा झाला, काही सांगत नाही. एक दागिना हातातून निसटतो, बस्स.

म्हणजे अलंकाराशिवाय कविता होते का? हा वाद फार जुना आणि फार मजेदार आहे. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची व्याख्या करताना हळूच एक सवलत ठेवली: शब्द आणि अर्थ निर्दोष हवेत, गुणयुक्त हवेत, आणि 'अनलंकृती पुनः क्वापि', क्वचित अलंकार नसला तरी चालेल. यावर 'चंद्रालोक'कार जयदेव (हा गीतगोविंदाचा जयदेव नव्हे) भडकला. त्याने लिहिलं:

'अङ्गीकरोति यः काव्यं शब्दार्थावनलङ्कृती ।
असौ न मन्यते कस्मादनुष्णमनलं कृती ॥'

जो अलंकाराशिवायचे शब्दार्थ काव्य म्हणून चालवून घेतो, तो शहाणा अग्नीही उष्णतेशिवाय का मानत नाही? मुद्दा पटो न पटो, फटका पाहा. पहिल्या ओळीच्या शेवटी 'अनलंकृती', म्हणजे अलंकार नसलेले. दुसरीच्या शेवटी तीच अक्षरं तोडून 'अनलं कृती', म्हणजे अग्नी आणि शहाणा. अलंकार हवेतच असा आग्रह धरणाऱ्याने तो आग्रहही यमकातच मांडला. आपल्याकडे शाळेत सांगतात ते 'श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी' हे याच जातीचं. अक्षरं तीच, तोडण्याची जागा वेगळी, आणि होकाराचा नकार झाला.

मी मम्मटाच्या बाजूचा आहे. साक्षीला बालकवींचा 'औदुंबर' काढतो. कविता आठच ओळींची. ऐलतट, पैलतट, निळासावळा झरा, टेकडीकडे चार घरांचं गाव, शेतमळ्यांची हिरवी गर्दी. मग 'पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे / हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.' सहा ओळी झाल्या, आणि कुठे 'जणू' नाही, 'परी' नाही, 'सम' नाही. फार तर गर्दी आणि पायवाटेचं चालणं, पण ते आपण रोजच्या बोलण्यातही म्हणतो. फक्त रंग आहेत, आणि त्यांचा क्रम आहे: हिरवा, निळासावळा, हिरवा, पांढरा, हिरवा, काळा. नजर उजेडाकडून अंधाराकडे नेली जाते आणि वाचकाला ते जाणवतही नाही. सातव्या ओळीत 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर'. 'गोड काळिमा' हा विरोधाचा बारीकसा चिमटा, आणि पसरवणारा काळिमा. शेवटच्या ओळीत 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'. सात ओळी धीर धरून मग झाडाला माणूस केलं. अभ्यासक्रमाच्या भाषेत ही चेतनगुणोक्ती. पहिल्या ओळीपासून झरा हसत असता, टेकडी डुलत असती, शेतं नाचत असती, तर शेवटी औदुंबर पाय सोडून बसला काय आणि नाही काय, कुणाला काही वाटलं नसतं. या कवितेत मृत्यू आहे का, वैराग्य आहे का, यावर समीक्षक वर्षानुवर्षं भांडतायत. भांडण रंगतं, कारण कवीने औदुंबर कशासारखा आहे हे सांगितलेलंच नाही.

अलंकार केव्हा घ्यायचा याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला आनंदवर्धनाकडे मिळालं. नवव्या शतकातला हा काश्मिरी पंडित. त्याच्या 'ध्वन्यालोका'त म्हटलंय की काव्यात तोच अलंकार खरा जो 'अपृथग्यत्ननिर्वर्त्य' आहे, म्हणजे ज्यासाठी कवीला वेगळा खटाटोप करावा लागत नाही. भाव मांडतानाच तो त्याच्यासोबत येतो. पुढे व्यवहाराची सूचनाही आहे: 'काले च ग्रहणत्यागौ', वेळेवर घ्यावा आणि वेळेवर सोडावा, 'नातिनिर्वहणैषिता', शेवटपर्यंत रेटत नेण्याचा हट्ट नको. हे दुसरं फार कमी लोक पाळतात. आयुष्य म्हणजे रेल्वे म्हणायचं, मग स्टेशन आलं, तिकीट आलं, सिग्नल आला, टीसी आला, आणि शेवटी देव गार्ड म्हणून हिरवा झेंडा दाखवतो. रूपकाच्या जगाचे नियम पाळा म्हटलं ते खरं, पण त्या जगातली प्रत्येक वस्तू मोजून दाखवा असं त्यात कुठे आहे? बहिणाबाईंनी ढोराला एका कडव्यात सोडून दिलं. दावं, गोठा, वैरण काही आणलं नाही.

उलट दिशेने, अलंकारांची रास घालूनही ओझं न होण्याचं उदाहरण म्हणजे पसायदान. 'चला कल्पतरूंचे आरव / चेतनाचिंतामणीचें गांव / बोलते जे अर्णव / पीयूषाचे.' आणि पुढे 'चंद्रमे जे अलांछन / मार्तंड जे तापहीन'. आपण हे इतक्यांदा म्हणतो की ऐकूच येत नाही. संतांना कल्पतरू, चिंतामणी, अमृतसागर, चंद्र, सूर्य म्हणणं हे तेराव्या शतकातही नवं नव्हतं. ज्ञानदेवांनी काय केलं, तर प्रत्येक उपमानाची खोट शोधली आणि ती भरून काढली. कल्पतरू देतो, पण त्याच्यापाशी जावं लागतं. म्हणून हे चालते. चिंतामणी जड आहे. म्हणून हे सचेतन. सागर मुका, म्हणून हे बोलते. चंद्राला डाग, म्हणून अलांछन. सूर्याला ताप, म्हणून तापहीन. रूपक आणि व्यतिरेक यांच्या सीमेवरची ही जागा आहे. शिळं उपमान ताजं करण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. तुम्हाला चंदन सोडवतच नसेल तर त्याच्यात काय कमी आहे ते शोधा. आई कुठे चंदनाहून निराळी पडते, तिथे तुमची ओळ असेल.

शब्दालंकारांबद्दल थोडक्यात. बोलताना आपण ओळीच्या शेवटच्या जुळणीला 'यमक' म्हणतो. काटेकोर अर्थाने तेच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणं म्हणजे यमक, पण त्यावरून वाद घालण्यात हशील नाही. मराठीत शेवट जुळवणं भयंकर सोपं आहे, कारण वाक्य क्रियापदाने संपतं आणि क्रियापदांचे प्रत्यय सारखेच असतात. येतो-जातो, हसते-बसते, आठवले-साठवले. म्हणून नुसत्या क्रियापदांवर उभी असलेली कविता मी संशयाने वाचतो. यावर कुणी मोरोपंतांचं 'सुसंगति सदा घडो' तोंडावर फेकेल. फेकू द्या, त्यात तर आठही ठिकाणी क्रियापदंच आहेत: घडो, पडो, झडो, नावडो, दडो, अडो, रडो, जडो. पण वृत्त पाहा. पृथ्वी, सतरा अक्षरांचं, आठव्या अक्षरावर यती. 'सुसंगति सदा घडो' ही मोजून आठ अक्षरं, 'सुजनवाक्य कानी पडो' ही नऊ. म्हणजे जिथे श्वास थांबतो तिथे एक 'डो', आणि जिथे चरण संपतो तिथे दुसरा. शिवाय शेवटच्या शब्दांपर्यंत पंत सांगत नाहीत की हे दडणारं, अडणारं, रडणारं कोण. 'मुरडिता हटाने अडो, वियोग घडता रडो', हे हट्टी पोराचं वर्णन आहे, पोर हा शब्द न उच्चारता. आणि मग कळतं, 'मन भवच्चरित्री जडो'. जुळणी सोपी होती, पण तिच्याकडून काम किती करून घेतलं!

एक इशारा मात्र आनंदवर्धनाचाच: विरहाच्या, दुःखाच्या कवितेत यमकांची आतषबाजी करू नये, अंगी ताकद असली तरी. माणूस रडता रडता कोट्या करत नाही.

मुक्तछंदाचं विचारलंत. छंद गेला म्हणून अलंकार जात नाहीत, कारण ते साम्य-विरोधाचे विचार आहेत. नारायण सुर्वे यांच्या संग्रहाचं नावच 'माझे विद्यापीठ' (1966) आहे. रस्त्यावरच्या जगण्याला विद्यापीठ म्हणणं हे सरळ सरळ रूपक, आणि त्यात डिवचण्याचा भागही आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (1972) मराठी कवितेत जी उपमानं आणली ती तोवर छापलीच गेली नव्हती. अलंकाराची रचना ओळखीची, आतलं जग अनोळखी. नव्या कवितेत जुन्या शास्त्रातला अलंकार कसा लपलेला असतो ते बघायचं तर मर्ढेकर घ्या: 'पिपात मेले ओल्या उंदिर / माना पडल्या, मुरगळल्याविण'. कारण नाही आणि कार्य घडलं. मान मुरगळलीच नाही, तरी पडली. शास्त्रात याला विभावना म्हणतात. पाठ्यपुस्तकात तिची उदाहरणं गोडगोड असतात, इथे तीच विभावना अंगावर काटा आणते.

त्याच ओळीवरून आणखी एक फरक सांगून टाकतो, कारण नवे कवी इथे गोंधळतात. खड्ड्याचं नाव न घेता 'तळी पसरली' म्हटलं तेव्हा ऐकणाऱ्याला खड्डाच अभिप्रेत आहे हे पक्कं कळतं. मर्ढेकरांचे उंदीर कोण, याचं असं एकच उत्तर नाही. माणसं म्हणा, शहर म्हणा, युद्धानंतरचा काळ म्हणा. उंदीर उंदीरही राहतातच. उपमेय सापडून गोष्ट मिटते तेव्हा तो अलंकार, सापडूनही मिटत नाही तेव्हा ते प्रतीक. प्रतीक ठरवून बनवायला जाऊ नका. आधी पिंप नीट दिसू द्या, ओलं आहे की कोरडं ते बघा.

आता परीक्षेचं. एका ओळीत दोन अलंकार येतात हे शास्त्राला मान्य आहे, त्यासाठी दोन नावंही आहेत. तीळ आणि तांदूळ मिसळल्यासारखे वेगळे काढता येत असतील तर संसृष्टी, दूध-पाण्यासारखे एकजीव असतील तर संकर. मघाचं 'मंगल तोरण काय बांधले नभोमंडपी कुणी भासे' पुन्हा बघा. 'नभोमंडप' या समासात रूपक आहे, नभ हाच मंडप. पूर्ण ओळीत उत्प्रेक्षा आहे, इंद्रधनुष्य म्हणजे तोरण असावं असं भासतं. आकाशाला मंडप म्हटलं नसतं तर तोरण बांधायचं कुठे? एक दुसऱ्यावर उभा आहे, तेव्हा हा संकर. पण पेपरात हे लिहून वेळ घालवू नका. तिथे वाक्याच्या मुख्य क्रियापदाकडे बघायचं, इथे ते 'भासे' आहे. उत्तर उत्प्रेक्षा. उपमेय इंद्रधनुष्य, उपमान तोरण, आणि संभावना दाखवणारे शब्द 'काय' व 'भासे', एवढं लिहिलंत की पूर्ण गुण मिळायला हरकत नाही. जागा उरली तर 'नभोमंडपी'मध्ये रूपकही आहे असं एक वाक्य जोडा. चांगला परीक्षक खूश होतो, आणि घाईतला परीक्षक ते वाचत नाही.

तुमची आईवरची पूर्ण कविता मात्र पाठवा, 'जणू' खोडून.